एकाच हंगामाची लीग : पुणे स्ट्रायकर्स, २०१२ आणि खेळाडूच्या श्रमाची मालकी

१/
२ एप्रिल २०१२. मुंबईत चर्चगेटजवळच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सचा ५–२ असा पराभव केला. पुण्याच्या संघाचा हा पहिलाच हंगाम होता. तोच शेवटचाही ठरला, कारण ही लीग पुन्हा कधी भरलीच नाही. आज पुणे स्ट्रायकर्स हे नाव पिंपरी-चिंचवडच्या हॉकीप्रेमींपैकीही थोड्यांनाच आठवत असेल. तरीही भारतीय हॉकीच्या इतिहासात या हंगामाला महत्त्वाचे स्थान आहे. खेळाडूचे कौशल्य नेमके कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्याने थेट कायद्याच्या दारात नेला.

२/
या हंगामाची मुळे शोधण्यासाठी आधी खडकीला जावे लागते. मुळा नदीच्या अलीकडे खडकी, हॅरिस पूल ओलांडला की पलीकडे दापोडी, आणि तेथून पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत सुरू होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. लष्करी छावणी, कारखाने आणि त्यांच्या वसाहती यांच्याबरोबरच या भागात हॉकी रुजली. धनराज पिल्लै यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी याच खडकीत झाला. त्यांचे वडील कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेला हा खेळाडू कामगार वस्तीतून आला होता.

३/
भारतीय हॉकीपटू दीर्घकाळ ‘हौशी’ म्हणवला गेला. व्यवहारात तो नोकरदार होता. रेल्वे, पोलीस, इंडियन एअरलाइन्स, तेल कंपन्या, सैन्यदल आणि काही खासगी उद्योग आपापले संघ बाळगत आणि खेळाडूंना नोकऱ्या देत. स्वतः धनराज मुंबईत महिंद्रा अँड महिंद्राकडून खेळले आणि पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये गेले. पगार नोकरीचा, खेळ देशाचा अशी ही व्यवस्था होती. तिच्यात खेळाडूच्या घरची चूल पेटत असे. मात्र देशासाठी खेळण्याचा मोबदला किती आणि तो कोणी द्यायचा, या प्रश्नाला तिच्यात जागाच नव्हती.

४/
हा प्रश्न विचारण्याची किंमत काय असते, ते १९९८ मध्ये दिसले. डिसेंबरमध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. १९६६ नंतरचे हे पहिलेच आशियाई सुवर्ण होते. त्यानंतर लवकरच धनराज यांच्यासह काही प्रमुख खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. विश्रांती हे त्याचे अधिकृत कारण होते. मानधनाची मागणी केल्याची ही शिक्षा आहे, अशीच समजूत त्या वेळी सर्वत्र झाली.

५/
पुढचे दशक पडझडीचे होते. मार्च २००८ मध्ये चिलीतील सँटियागो येथे ग्रेट ब्रिटनकडून ०–२ असा पराभव झाला आणि १९२८ पासून प्रथमच भारतीय पुरुष संघ ऑलिम्पिकला मुकला. एप्रिलमध्ये भारतीय हॉकी महासंघाचे सचिव के. ज्योतीकुमारन संघनिवडीसाठी पैसे घेत असल्याचा आरोप करणारे छुपे चित्रीकरण एका वृत्तवाहिनीने दाखवले. भारतीय ऑलिम्पिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. २००९ मध्ये ‘हॉकी इंडिया’ ही नवी संस्था उभी राहिली आणि आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने तिला मान्यता दिली.

६/
पण जुना महासंघ मिटला नाही. मे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्यावरील कारवाई रद्दबातल ठरवली. एका खेळाला दोन दावेदार झाले. एकाच्या हाती न्यायालयाचा निकाल होता, दुसऱ्याच्या हाती आंतरराष्ट्रीय मान्यता. या दुहेरी सत्तेचा फटका देशालाही बसला. डिसेंबर २०११ ची चॅम्पियन्स ट्रॉफी नवी दिल्लीत व्हायची होती. ती भारताकडून काढून घेण्यात आली आणि ऑकलंडला गेली.

७/
याच काळात पुण्यात एक घटना घडली. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल मुळेच्या दक्षिण काठावर आहे. नदीपलीकडे वाकड, म्हणजे पिंपरी-चिंचवडची हद्द. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीतील विश्वचषकासाठी राष्ट्रीय संघाचे शिबिर या संकुलात भरले होते. स्पर्धा २८ फेब्रुवारीला सुरू होणार होती. अशा वेळी कर्णधार राजपाल सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थकलेल्या मानधनासाठी सराव थांबवला. देशाचा संघ संपावर गेला.

८/
पिंपरी-चिंचवडच्या परिसराला संप नवा नव्हता. १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते आणि सप्टेंबरअखेर पोलिसांनी ते आंदोलन मोडून काढले होते. कारखान्यातील माणसाला काम थांबवण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. राष्ट्रीय रंगाची जर्सी घालणाऱ्या खेळाडूने काम थांबवले, तेव्हा मात्र अनेकांना तो देशाशी केलेला द्रोह वाटला. आपण कामाचा मोबदला मागत आहोत, एवढेच खेळाडूंचे म्हणणे होते.

९/
तोडगा काही दिवसांतच निघाला. प्रायोजक सहारा समूहाने एक कोटी रुपये देण्याची तयारी दाखवली आणि शिबिर पुन्हा सुरू झाले. विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात भारताने पाकिस्तानला ४–१ असे हरवले, पण अखेर संघ आठव्या स्थानावर राहिला. बालेवाडीत रकमेचा प्रश्न सुटला, तत्त्वाचा तसाच राहिला. खेळाडूला पैसे देऊ शकणारी संस्था एकच असेल, तर त्याची सौदाशक्ती कितीशी उरते?

१०/
याच पोकळीत वर्ल्ड सिरीज हॉकीचा जन्म झाला. जुना भारतीय हॉकी महासंघ आणि निंबस ही क्रीडाप्रसारण कंपनी यांनी मिळून या व्यावसायिक लीगची आखणी केली. कल्पना अगदीच नवी नव्हती. २००५ ते २००८ या काळात प्रीमियर हॉकी लीगचे चार हंगाम झाले होते आणि त्यांत ‘मराठा वॉरियर्स’ हा संघ होता. पण ती लीग झाली तेव्हा हॉकीचा कारभार एकाच संस्थेकडे होता. आता मान्यता असलेली संस्था वेगळी होती आणि लीग भरवणारी वेगळी.

११/
आंतरराष्ट्रीय महासंघाने या लीगला मान्यता नाकारली. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणारा खेळाडू राष्ट्रीय संघासाठी अपात्र ठरू शकेल, असा नियम पुढे आला. हॉकी इंडियाने खेळाडूंकडून आचारसंहितेवर सह्या घेतल्या. अशा स्पर्धेत भाग न घेण्याची हमी तीत होती. खेळाडूसमोर दोन वाटा राहिल्या : एकीकडे लीगचा करार, दुसरीकडे लंडन ऑलिम्पिकचे स्वप्न.

१२/
असा पेच जगात प्रथमच पडला होता असे नाही. त्याची सर्वांत गाजलेली आवृत्ती बर्फावरच्या हॉकीत घडली होती. उत्तर अमेरिकेत अनेक दशके नॅशनल हॉकी लीगची मक्तेदारी होती. तिच्या करारांत एक ‘राखीव कलम’ असे. करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क त्यामुळे कायम राही. १९७२ मध्ये बारा संघांची वर्ल्ड हॉकी असोसिएशन उभी राहिली आणि तिने हे कलम आपण जुमानत नसल्याचे जाहीर केले.

१३/
शिकागोचा तारा बॉबी हल दहा लाख डॉलरच्या स्वाक्षरी-रकमेवर नव्या लीगच्या विनिपेग जेट्सकडे गेला. शिक्षा तत्काळ झाली. सप्टेंबर १९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची ऐतिहासिक मालिका झाली. त्या काळातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक असलेल्या हलला कॅनडाच्या संघात स्थान मिळाले नाही. चाळीस वर्षांनी भारतीय खेळाडूंपुढे उभा राहिलेला पेच हाच होता. बाहेर खेळलास तर देशासाठी खेळता येणार नाही, हा इशारा त्यांनाही मिळाला.

१४/
फरक न्यायालयात पडला. नोव्हेंबर १९७२ मध्ये फिलाडेल्फियाचे संघराज्य न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी राखीव कलमाची अंमलबजावणी रोखली. मक्तेदारीविरोधी कायद्यापुढे हे कलम टिकणारे नाही, असा त्या आदेशाचा रोख होता. खेळाडूंना वाट मोकळी झाली आणि १९७२–७३ चा हंगाम उभा राहिला. न्यू इंग्लंड व्हेलर्सने त्याचे विजेतेपद मिळवले. १९७९ मध्ये ही लीग बंद पडली, पण तिचे चार संघ प्रतिस्पर्धी लीगमध्ये सामावले गेले. वेन ग्रेट्झ्कीने आपली व्यावसायिक कारकीर्द या ‘बंडखोर’ लीगमध्येच सुरू केली होती.

१५/
क्रिकेटप्रेमी मराठी वाचकाला दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. १९७७ मध्ये केरी पॅकरने वर्ल्ड सिरीज क्रिकेट उभे केले. क्रिकेटच्या नियामकांनी त्याच्या खेळाडूंवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. टोनी ग्रेग आणि सहकारी न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्या. स्लेड यांनी ही बंदी म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध असल्याचे ठरवले. रात्रीचे सामने, रंगीत कपडे, पांढरा चेंडू या पॅकरच्या लीगने रुळवलेल्या गोष्टी पुढे सर्वमान्य झाल्या. भारतीय हॉकी लीगच्या नावातील ‘वर्ल्ड सिरीज’ हे शब्द याच इतिहासाची आठवण करून देणारे होते.

१६/
आता पुन्हा २०१२. लीग मुळात डिसेंबर २०११ मध्ये सुरू व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली. याच डिसेंबरमध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने निंबसचा प्रक्षेपण करार रद्द केला. लीगच्या आर्थिक पाठीराख्याचा पायाच त्यामुळे डळमळला. इकडे फेब्रुवारीत दिल्लीत ऑलिम्पिक पात्रता स्पर्धा झाली. २६ तारखेच्या अंतिम सामन्यात भारताने फ्रान्सला ८–१ असे नमवले. संदीप सिंग यांनी पाच गोल केले. तीनच दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, वर्ल्ड सिरीज हॉकी सुरू झाली. दिल्लीतल्या त्या जल्लोषात सामील असलेले खेळाडू या लीगमध्ये नव्हते.

१७/
आठ संघ होते : पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मरीन्स, शेर-ए-पंजाब, चंदीगड कॉमेट्स, भोपाळ बादशाह्ज, कर्नाटक लायन्स, दिल्ली विझर्ड्‌स आणि चेन्नई चीताज. प्रत्येक संघाचे चौदा साखळी सामने, मग उपांत्य फेरी आणि अंतिम सामना, असे पाच आठवड्यांत एकूण ५९ सामने झाले. बालेवाडीच्या संपाच्या वेळचे कर्णधार राजपाल सिंग दिल्लीकडून खेळले. प्रभज्योत सिंग पंजाबकडून, अर्जुन हलप्पा कर्नाटकाकडून मैदानात उतरले. धनराज पिल्लै यांचे वय तेव्हा त्रेचाळीस होते. खडकीचे धनराज पुण्याच्या नव्हे, तर कर्नाटक लायन्सच्या जर्सीत खेळले.

१८/
खेळाची रचनाही वेगळी होती. त्या काळी आंतरराष्ट्रीय सामना पस्तीस मिनिटांच्या दोन सत्रांत होई. या लीगमध्ये प्रीमियर हॉकी लीगप्रमाणेच सामन्याचे चार भाग पाडले होते. त्यामुळे खेळाडूंना दम घ्यायला आणि दूरचित्रवाणीला जाहिरातींसाठी वेळ मिळे. जुन्या जाणत्यांना हा खेळाचा बाजार वाटला. पुढे १ सप्टेंबर २०१४ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वतःच पंधरा मिनिटांच्या चार भागांची पद्धत स्वीकारली. ज्या लीगला मान्यता नाकारली, तिच्या मैदानावरची रचना अधिकृत नियमपुस्तकात आली.

१९/
अंतिम सामन्यात हरलेल्या पुण्याच्या संघाला पुढचा हंगाम मिळाला नाही. दुसऱ्या पर्वाची चर्चा झाली, पण ते भरले नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लंडनला गेलेला भारतीय संघ सर्व सामने हरून बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. बाहेर राहिलेले खेळाडू असते तर निकाल वेगळा लागला असता, असे म्हणण्याला इतिहासात आधार नाही. मात्र भारतातले सगळे उत्तम खेळाडू त्या वर्षी एकाच निवडीच्या कक्षेत नव्हते, एवढे निर्विवाद.

२०/
खरा सामना कायद्याच्या मैदानावर चालू होता. धनराज पिल्लै आणि इतर काही माजी खेळाडूंनी २०११ मध्येच भारतीय स्पर्धा आयोगाकडे हॉकी इंडियाविरुद्ध तक्रार नोंदवली होती. प्रकरण क्रमांक ७३/२०११. खेळाचे नियमन करणारी संस्थाच लीगच्या बाजारातही उतरणार आहे आणि आपल्या नियामक अधिकाराचा वापर करून ती स्पर्धकाला रोखते आहे, हा तक्रारीचा गाभा होता. खेळाडूने कोणासाठी खेळावे यावरील निर्बंध म्हणजे त्याच्या उपजीविकेवरील निर्बंध, असा तिचा अर्थ.

२१/
आयोगाचा आदेश ३१ मे २०१३ रोजी आला. हॉकी इंडियाचे बाजारातील वर्चस्व आयोगाने मान्य केले. मात्र त्या वर्चस्वाचा कायदेभंग ठरेल असा गैरवापर झाल्याचे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढून प्रकरण बंद केले. खेळाची एकसंध रचना, वेळापत्रक आणि राष्ट्रीय संघाची उपलब्धता राखण्यासाठी काही निर्बंध आवश्यक असतात, ही भूमिका ग्राह्य धरली गेली. त्याच वेळी आयोगाने एक जपून घातलेली सूचनाही केली. नियामक अधिकार व्यापारी हितासाठी वापरले जाणार नाहीत, अशी अंतर्गत नियंत्रणव्यवस्था हॉकी इंडियाने उभारावी.

२२/
नियामकांची बाजूही समजून घ्यायला हवी. प्रत्येक धनवान आयोजकाने आपल्या सोयीने हंगाम ठरवला, तर ऑलिम्पिक पात्रता, कनिष्ठ गट, ग्रामीण प्रशिक्षण यांचे वेळापत्रक कोण सांभाळणार? निंबस अडचणीत येताच लीग बंद पडली, हा या युक्तिवादाला मिळालेला पुरावाच. पण याच आयोगाने फेब्रुवारी २०१३ मध्ये क्रिकेट मंडळाला वर्चस्वाच्या गैरवापरासाठी ५२.२४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. आयपीएलला स्पर्धक ठरेल अशा दुसऱ्या लीगला मान्यता देणार नाही, ही मंडळाने संघमालकांना दिलेली हमी तेथे कळीची ठरली. नियमन कोठे संपते आणि मक्तेदारी कोठे सुरू होते, ही रेषा चार महिन्यांत दोन ठिकाणी ओढली गेली.

२३/
आयोगाचा आदेश येण्याआधीच बाजाराने निकाल लावला होता. जानेवारी २०१३ मध्ये अधिकृत मान्यतेची हॉकी इंडिया लीग सुरू झाली : शहरांचे संघ, लिलाव, परदेशी खेळाडू, दूरचित्रवाणी. बंडखोरांनी मांडलेला आराखडाच, फक्त शिक्का वेगळा. पहिल्या हंगामात पाच संघ होते. महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबई मॅजिशियन्स आले, पुण्याला काही आले नाही. २०१७ नंतर थांबलेली ही लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

२४/
पिंपरीत नेहरूनगरला महानगरपालिकेचे मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा याच मैदानावर झाली. मैदान आहे आणि खडकीपासून चालत आलेली परंपराही आहे. शहराच्या नावाचा व्यावसायिक संघ तेवढा नाही.

२५/
तिन्ही बंडखोर हंगाम शेजारी ठेवले की एक क्रम दिसतो. १९७२ आणि १९७७ मध्ये न्यायालयांनी खेळाडूची बाजू उचलून धरली. लीग मिटल्या, पण खेळाडूचा हक्क टिकला. २०१२ मध्ये उलटे घडले. लीगची कल्पना टिकली आणि खेळाडूचा हक्क मात्र निर्णयाविना राहिला. आज हॉकीपटूला लिलावात चांगली बोली मिळते. ती मिळण्यामागे बालेवाडीत सराव थांबवणाऱ्यांचा, लंडनवर पाणी सोडून लीग खेळणाऱ्यांचा आणि प्रकरण क्रमांक ७३ वर आपले नाव घालणाऱ्या खडकीच्या खेळाडूचा वाटा आहे. बोली कोणाच्या परवानगीने लागते, हा त्यांचा प्रश्न मात्र २ एप्रिल २०१२ च्या संध्याकाळी होता तेथेच आहे.